गावात गाडी घ्यायची तं मोठी का छोटी, अन् पेट्रोलचा हिशोब नेमका कुठं लावायचा

आपल्याकडं कोणाच्या दारात नवी गाडी आली की पहिला प्रश्न ठरलेला, "ॲव्हरेज किती देते भाऊ?" मालक सांगतो वीस-बावीस, ऐकणारा मान डोलावतो, दोघंही खूश. हप्ता किती हे कोणी विचारत नाही, अन् महिन्याला गाडी चालते किती हे तं बहुतेक वेळा मालकालाच माहीत नसते. माझं म्हणणं सरळ आहे, गावात गाडी घेताना ॲव्हरेज हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे. त्याच्या आधी दोन-तीन गोष्टी ठरवाव्या लागतात, त्या ठरल्या की साईज आपोआप ठरते. हे मी वावर असलेल्या, घरी पाच-सहा माणसं असलेल्या, तालुक्यापासून पंधरा-वीस किलोमीटरवर राहणाऱ्या माणसासाठी लिहून राहिलो, नागपुरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचं गणित वेगळं.

पहिले चालवणं मोजा

एक महिना वही ठेवा. घरातलं कोण कुठं गेलं, कशानं गेलं, किती किलोमीटर. मोटरसायकल, एसटी, काळी-पिवळी, भाड्याची गाडी सगळं लिहायचं. महिना झाला की त्यातल्या कोणत्या फेऱ्या खरंच कारनं झाल्या असत्या त्यावर खूण करा. वावरात जाणं-येणं, दूध, किराणा, कृषी केंद्रातून औषध आणणं हे कार आल्यावरही मोटरसायकलवरच होणार आहे, उगाच स्वतःला फसवू नका. कारसाठी उरते आठवडी बाजार, दवाखाना, सोयरे-धायरे, लग्न, एखादी शेगावची वारी. बऱ्याच घरांचा हा आकडा महिन्याला तीनशे ते पाचशे किलोमीटरमध्ये येतो.

आता गणित पाहा. पेट्रोल मी १०५ रुपये धरून राहिलो, तुम्ही तुमच्या पंपाचा भाव टाका. महिन्याला ४०० किलोमीटर चालणारी गाडी १५ चा ॲव्हरेज देत असेल तं पावणेसत्तावीस लिटर लागते, २० चा देत असेल तं वीस लिटर. फरक झाला महिन्याला ७०० रुपयाचा. आणि छोट्या गाडीऐवजी मोठी घेतली म्हणून जे सहा लाख जास्तीचे कर्ज काढलं, ते साडेनऊ टक्क्यानं सात वर्षांसाठी असेल तं हप्ता वाढतो जवळपास ९,८०० रुपयानं. सातशेवर पानठेल्यावर तासभर चर्चा, नऊ हजार आठशेवर कोणी अवाक्षर काढत नाही. पेट्रोल दोन रुपयानं वाढलं की सरकारले शिव्या, बरोबर आहे, द्या, पण वीस लिटर टाकणाऱ्याले ती वाढ चाळीस रुपयाची पडली हेही पाहा.

याचं एक कारण मला वाटते पेट्रोलचे पैसे आपण हातानं मोजून देतो अन् हप्ता खात्यातून न विचारता जातो. दुसरं कारण म्हणजे आपण लिटर टाकतच नाही, आपण "दोनशेचं टाक", "पाचशेचं टाक" म्हणतो. भाव कोणताही असो, टाकतो पाचशेचंच, त्यामुळं गाडी किती पिते हे कळायला मार्गच राहत नाही.

हां, पण जो माणूस रोज अपडाऊन करतो, शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतला, किंवा ज्याचा धंदाच फिरण्याचा आहे, त्याचं वेगळं. महिन्याला दोन हजार किलोमीटर असतील तं तोच १५ अन् २० चा फरक साडेतीन हजार रुपये होतो, दर महिन्याला. त्यानं ॲव्हरेज पहिले विचारावा, त्याला पूर्ण हक्क आहे.

ॲव्हरेज उलटा करून पाहा

लिटरले किती किलोमीटर हा आकडा थोडा फसवा आहे. मोटरसायकल ५० ऐवजी ६० देते म्हटलं की लय मोठं वाटते, पण १००० किलोमीटरमागं वाचते सव्वातीन लिटर. तेच घरातली जुनी जीप १० देत होती अन् तिच्या जागी १५ देणारी गाडी आणली तं त्याच हजार किलोमीटरमागं तेहतीस लिटर वाचते. आकड्यात फरक पाचचा दिसते, खिशात फरक दहापट. म्हणून गाडीवाल्याले विचारताना "१०० किलोमीटरले किती लिटर" असं विचारा, किंवा घरी येऊन तसं मांडून पाहा. जास्त पिणारं वाहन आधी बदलायचं असते, कमी पिणाऱ्यावर डोकं लावण्यात अर्थ नाही. अन् घरात सगळ्यात जास्त पिणारं वाहन बहुतेक वेळा ट्रॅक्टर असते, ज्याचा हिशोब कोणीच करत नाही. ढेपेचं एक पोतं आणायला ट्रॅक्टर घेऊन गावात येणारे लोक आहेत, मी रोज पाहतो. ट्रॉली लावून चालला तरी तासाला तीन-चार लिटर डिझेल जाते, म्हणजे तीनेकशे रुपये, अन् पोत्याले काही मोटरसायकल नाही म्हणत नाही.

कंपनी जो ॲव्हरेज सांगते तो प्रयोगशाळेत, रोलरवर मोजलेला असते, तिथं ना आपला रस्ता असते ना मे महिन्याचं ऊन. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला कामाचा आहे, घरखर्चाले नाही. घरखर्चासाठी त्यातून वीस-पंचवीस टक्के उडवून टाका. खरा आकडा पाहिजे तं ज्याच्याकडं ती गाडी आहे त्याच्यासंगं हे करा: टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप कट झालं की तिथंच थांबा, वरून "अजून बसते भाऊ, राऊंड फिगर करतो" म्हणून टाकू द्यायचं नाही. मीटरचा आकडा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. नेहमीसारखी गाडी चालवा, निदान तीनशे किलोमीटर. परत त्याच पंपावर, जमलं तं त्याच मशीनवर, तशीच कटपर्यंत फुल करा. जेवढे किलोमीटर झाले त्याले आता जेवढे लिटर बसले त्यानं भागा. मोटरसायकल असेल तं दोन्ही वेळा मधल्या स्टँडवर उभी करूनच भरा, साईड स्टँडवर तिरपी उभी असली की टाकीत वेगळंच बसते. अन् रिझर्व्हपासून रिझर्व्हपर्यंत मोजायची जुनी पद्धत सोडा, त्यात घोळ होतो.

मापाची शंका आली तं पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असते, ते मागायचा ग्राहकाले हक्क आहे. भांडण न करता मागा, देतात. गावातल्या दुकानातलं बाटलीतलं पेट्रोल अडीनडीला ठीक, पण रोजची सवय करू नका. भाव तं जास्त घेतातच, त्यात काय मिसळलं ते देवाले माहीत.

माणसं किती, रोजची का वर्षातून दोनदाची

खरी गडबड इथं होते. घरात बैठक बसते, आजी म्हणते सगळे मावले पाहिजे, पोरगा म्हणतो मोठीच घेऊ, जावई आले तं कशी दिसन, अन् सात सीटर ठरते. मग ती सात सीटर वर्षभर एकटा माणूस तालुक्याले घेऊन जाते, मागं दोन सीटवर खताची पावती अन् पाण्याची बाटली. सातही जण एका वेळी बसण्याचे प्रसंग मोजा, वर्षातून चार-पाच निघतात: एक-दोन जवळची लग्नं, शेगाव नाहीतं माहूर, एखादं मयत. तेवढ्यासाठी गाडी भाड्यानं करा. आमच्या भागात मोठी गाडी किलोमीटरमागं बारा-पंधरा रुपयानं मिळते, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. वर्षातून चार ट्रिपा, प्रत्येकी ४०० किलोमीटर, १४ रुपयानं धरल्या तं बावीस हजार चारशे झाले. मोठ्या गाडीचा नुसता जास्तीचा हप्ताच वर्षाला लाखाच्या वर जाते, विमा, टायर अन् सर्व्हिसिंगचा फरक वेगळा.

भाड्यानं करताना फक्त पिवळ्या पाटीची गाडी करा. पांढऱ्या पाटीची गाडी "ओळखीतली आहे, डिझेल टाकून दे" म्हणून नेली अन् रस्त्यात काही झालं, तं भाड्यानं नेली हे निघाल्यावर विमा कंपनी हात वर करू शकते. तसंच पिकपमध्ये वऱ्हाड बसवण्याचं. मालवाहू गाडीच्या मागं बसलेल्या वऱ्हाडाचा विमा नसतो, हे सगळ्याले माहीत आहे अन् तरी दर उन्हाळ्यात चाललेलंच असते.

रात्री-बेरात्री दवाखान्याचं कारण मात्र खरं आहे, ते मी नाकारत नाही. १०८ ची गाडी आहे, पण आडवळणाच्या गावात येईपर्यंत जीव टांगणीला लागते. म्हणून दारात चारचाकी असणं वेगळं अन् मोठी चारचाकी असणं वेगळं हे लक्षात घ्या. दवाखान्यासाठी पाहायचं काय, तं मागच्या सीटवर माणूस आडवा होते का, दार किती उघडते, अन् म्हाताऱ्या माणसाले पाय उचलून चढावं लागते का. उंच गाडीत गुडघेदुखीची आई चढवणं म्हणजे दोघांचं काम, त्यापेक्षा सरळ आत बसता येते अशी उभ्या ठेवणीची छोटी गाडी बरी. शोरूममध्ये जाताना आईले संगं न्या, तिले बसवून पाहा. पोराच्या पसंतीपेक्षा हे महत्त्वाचं.

चार मीटरची भानगड

साईजचा टॅक्सशी थेट संबंध आहे अन् हा हिशोब ॲव्हरेजपेक्षा कितीतरी मोठा आहे. २००६ च्या बजेटपासून सरकारनं छोट्या गाडीची व्याख्या केली, लांबी चार मीटरच्या आत अन् इंजिन लहान. तेव्हापासून कंपन्या गाडीची शेपटी कापून चार मीटरमध्ये बसवायला लागल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, त्यात चार मीटरच्या आतली अन् पेट्रोलले १२०० सीसीपर्यंत, डिझेलले १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेली गाडी १८ टक्क्यात, बाकी पेट्रोल-डिझेल कार ४० टक्क्यात. दोन्ही अटी लागतात बरं का. ब्रेझा लांबीनं चार मीटरच्या आत आहे पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० मध्ये. बोलेरो १४९३ सीसी डिझेल अन् चार मीटरच्या आत, म्हणून १८ मध्ये. अर्टिगा लांबीनंही बाहेर अन् इंजिननंही. ३५० सीसीपर्यंतची मोटरसायकलही १८ मध्येच आली. महाराष्ट्रात रोड टॅक्सही गाडीच्या किमतीवर लागतो अन् डिझेल गाडीवर पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त. म्हणजे मोठ्या गाडीवर तुम्ही आधी जास्त टॅक्स देता, मग त्या वाढलेल्या किमतीवर अजून टॅक्स, मग विमा, अन् या सगळ्यावर व्याज.

लांबीचा अजून एक मुद्दा, साधाच आहे. तुमच्या गल्लीचं वळण अन् फाटकाची रुंदी टेपनं मोजून घ्या. सव्वाचार मीटरच्या वरची गाडी जुन्या गावठाणातल्या बोळीत एका वळणात बसत नाही, मग ती मारुतीच्या पाराजवळ उभी राहते अन् पोरं तिच्यावर नावं कोरतात.

पांदण

"वावरात न्यायची आहे, मोठीच लागन" हे दुसरं लोकप्रिय कारण. नीट विचार करा. काळ्या मातीच्या पांदणीत, म्हणजे वावरात जायच्या कच्च्या वाटेत, पावसाळ्यात कोणतीच कार जात नाही, मोठी नाही अन् छोटीही नाही. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात, मधात उंच धुऱ्यासारखी माती उभी राहते, गाडीचं पोट त्याच्यावर टेकते अन् चाकं हवेत फिरतात. वरून माती चाकाच्या कमानीत एवढी गच्च बसते की चाक फिरणंच बंद. तिथं बैलबंडी नाहीतं ट्रॅक्टर, नाहीतं बूट हातात घेऊन पायी. दिवाळीनंतर पांदण वाळली, कोणीतरी ब्लेड मारून दिली, की मग साधी हॅचबॅकही हळूहळू जाते, फक्त पोटाखाली जागा १७०-१८० मिलिमीटर पाहिजे अन् गाडी खचाखच भरलेली नको. रिकाम्या गाडीची उंची अन् पाच माणसं बसल्यावरची उंची यात चांगलाच फरक पडतो, टेस्ट ड्राईव्ह घेताना माणसं भरूनच घ्या, अन् शोरूमसमोरच्या डांबरी रस्त्यावर नाही, आपल्या गावच्या रस्त्यावर आणून. ते नाही म्हणतात, तुम्ही हट्ट धरा.

ज्याच्या वावरात घर आहे, बारमाही राहणं तिथं आहे, त्यानं मात्र मागच्या चाकावर ओढणारी दणकट गाडी घ्यावी, तिथं माझा वाद नाही.

माल न्यायचा असेल तं

इथं उलटं आहे, इथं मोठी गाडी स्वस्त पडू शकते. मंडीत सोयाबीन न्यायचं, जाऊन-येऊन ६० किलोमीटर. छोटा हत्ती समजा १८ चा ॲव्हरेज देतो, सव्वातीन लिटर डिझेल, ९१ च्या भावानं ३०० रुपये, अन् माल बसतो साडेसात क्विंटल. क्विंटलमागं ४० रुपये. पिकप १२ चा ॲव्हरेज देतो, पाच लिटर, ४५५ रुपये, पण माल पंधरा क्विंटल. क्विंटलमागं ३० रुपये. मात्र तोच पिकप आठच क्विंटल घेऊन गेला तं क्विंटलमागं ५७. म्हणजे ज्याच्याकडं भरायला माल आहे त्यालेच मोठी गाडी परवडते. शेजारचे दोघं-तिघं मिळून एका दिवशी माल काढत असाल तं मोठी करा. कापसाचं अजून वेगळं, तो वजनानं नाही तं जागेनं भरतो, त्याले उंच जाळीची गाडी पाहायची, टनाचा आकडा पाहून काही उपयोग नाही. वर्षातून आठ-दहा खेपांसाठी स्वतःची मालगाडी घेणं मला पटत नाही, ज्याचा दुधाचा नाहीतं संत्र्याचा धंदा आहे त्यानं घ्यावी.

पेट्रोल, डिझेल, गॅस

डिझेलचं वेड आपल्याकडं अजून उतरलं नाही. २०१२ च्या आसपास पेट्रोल अन् डिझेलमध्ये लिटरमागं तीसेक रुपयाचा फरक होता, तेव्हा ते वेड बरोबर होतं. ऑक्टोबर २०१४ ला डिझेलचे भाव मोकळे केले, फरक घटत गेला, आता पंधराच्याही आत आहे. वरून १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) डिझेल गाडीत धूर अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात त्याले. ती साफ व्हायला गाडी मधून मधून सलग वीस-तीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालावी लागते. गाव ते फाटा अन् फाटा ते गाव एवढंच ज्याचं चालवणं, त्याची जाळी काजळीनं भरते, लाईट लागतो, अन् मग सर्व्हिस सेंटर. म्हणून महिन्याला दीड हजारच्या खाली चालत असेल तं डिझेलच्या नादी लागू नका.

सीएनजी स्वस्त पडते, पण पहिले पंप किती दूर आहे ते पाहा. गॅस भरायला पंचवीस किलोमीटर उलटं जाऊन रांगेत उभं राहायचं असेल तं वाचलेले पैसे तिथंच गेले. डिक्कीत टाकी बसते हेही आहे, शेगावला जाताना बॅगा मांडीवर. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, त्यामुळं ॲव्हरेज थोडा पडतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकीले सहा-सात टक्के अन् दुचाकीले तीन-चार टक्के घट धरली होती. एप्रिल २०२३ च्या आधीची सेकंडहँड गाडी घेत असाल तं रबरी पाईप अन् सील तपासून घ्या. इथेनॉल पाणी धरते, म्हणून पावसाळ्यात महिना-महिना उभी राहणारी गाडी असेल तं टाकीच्या झाकणाचं रबर चांगलं पाहिजे. ज्याचं फिरणं रोजचं चाळीस-पन्नास किलोमीटरच आहे अन् घरी रात्री लाईट टिकते त्यानं इलेक्ट्रिक स्कूटर जरूर पाहावी, कारचं मी अजून एवढ्यात कोणाले सांगत नाही.

घेतल्यावर

हवा दर पंधरा दिवसांनी तपासा, सकाळी, टायर थंड असताना. टपावरचं कॅरियर काम झालं की काढून ठेवा, हवा अडते. पानठेल्यावर एसी चालू ठेवून गप्पा मारू नका, उभी गाडीही तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे म्हणून १२० नंच जायचं असं नाही, वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढते, नव्वदनं गेले तं त्याच टाकीत कितीतरी पुढं जाता, अन् मे महिन्यात सिमेंटच्या रस्त्यावर टायरही शाबूत राहतात.

कापूस-सोयाबीनचे पैसे आले की डिसेंबरमध्ये बुकिंग करायची आपली पद्धत आहे, त्या वेळी सूटही चांगली मिळते. पण गाडी त्या सरत्या वर्षाची बनलेली असते, विकताना एक वर्ष जुनी धरतात. दहा वर्षं वापरणार असाल तं सूट घ्या अन् मोकळे व्हा, तीन-चार वर्षांत बदलायचा विचार असेल तं जानेवारीत बनलेली गाडी मागा, अन् पैसे भरायच्या आधी चेसिस नंबरवरून महिना-वर्ष काढून घ्या.